सॉस घरी करायचे तर कोणते, आणि कोणते बाटलीतलेच बरे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात दोघंही नोकरी करता, आठवड्यातून एक-दोनदा घरी चायनीज किंवा थाई बनवता. त्यासाठी आणलेल्या बाटल्यांनी फ्रिजचं दार भरलंय, तरी सगळ्या पदार्थांची चव एकसारखी आणि सपक लागते. म्हणून सॉस घरीच करायचं ठरवलंय. सुरुवात कुठून करावी, काय किती टिकेल आणि मासे-अंडी न खाणाऱ्या सासूबाईंसाठी काय करता येईल, हे तुम्ही विचारलंय. आधी हॉटेलच्या किचनमध्ये आणि नंतर घरगुती वर्गांत मी हेच काम वर्षानुवर्षं करत आले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक रेघ ओढून घ्या. जे सॉस मुरवून, आंबवून होतात ते विकत आणा. जे सुरी, खलबत्ता आणि विस्तव यांनी होतात ते घरी करा. सोया सॉस, मिसो (जपानची आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट), गोचुजांग (कोरियाची आंबवलेली मिरचीची पेस्ट), डोउबानजियांग (चीनच्या सिचुआन प्रांतातली बीन आणि मिरचीची आंबवलेली पेस्ट), फिश सॉस हे पहिल्या गटातले. त्यांना महिने लागतात, ठरावीक बुरशी आणि ठरावीक मीठ लागतं, आणि घरच्या ओट्यावर ते जमवण्यात अर्थ नाही. तिखट तेल, शेजवान चटणी, थाई करीची पेस्ट, शेंगदाण्याचा सॉस, तेरियाकी, भाज्या परतताना घालायचा सॉस हे दुसऱ्या गटातले. यातलं काहीही ताजं केलं तर बाटलीतलं त्याच्या जवळपासही येत नाही. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. शेजवान, स्टर-फ्राय, स्वीट चिली अशा मिश्रणांच्या बाटल्या हौसेनं आणल्या जातात आणि सोया सॉस मात्र दुकानातला सगळ्यात स्वस्त उचलला जातो. सपकपणाचं मूळ तिथे आहे.

म्हणून सोया सॉसपासून सुरू करते. वाफवलेले सोयाबीन आणि भाजून भरडलेला गहू यांवर कोजी नावाची बुरशी वाढवतात, मग ते मिश्रण मिठाच्या पाण्यात महिनोन्‌महिने मुरू देतात आणि शेवटी पिळून गाळतात. या मुरण्यात प्रथिनं तुटून ग्लुटामेट तयार होतं. जिभेवर रेंगाळणारी जी भरीव चव आपल्याला हवी असते ती याची. टोकियोतले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली कोम्बू या समुद्री शेवाळातून हेच ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. स्वस्त बाटलीत मुरवणं नसतंच. सोयाबीनचं प्रथिन आम्लानं झटपट फोडतात आणि मग मीठ, साखर, कॅरमेलचा रंग घालून ती चव उभी करतात. दुकानात बाटली फिरवून घटक वाचा. सोयाबीन, गहू, मीठ, पाणी एवढंच असेल आणि ‘नॅचरली ब्रूड’ लिहिलं असेल तर घ्या. ‘हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन’ आणि कॅरमेल यांची नावं पुढे असतील तर परत ठेवा. पैसे खर्च करायचेच असतील तर इथेच करा.

चायनीज सोया दोन प्रकारचा असतो. लाइट सोया पातळ, खारट आणि चवीचा. डार्क सोया दाट, किंचित गोडसर, मुख्यतः रंगासाठी. ‘लाइट’ पाहून मीठ कमी असेल असं समजू नका, तो डार्कपेक्षा खारटच लागतो. आपल्याकडे बहुतेक घरांत फक्त डार्क असतो. त्यामुळे नूडल्स काळ्याकुट्ट होतात पण चव येत नाही, मग वरून मीठ, मग व्हिनेगर, मग केचप असं सुरू होतं. घरात लाइट मोठ्या बाटलीत ठेवा आणि डार्क छोट्या. लाइट मिळाला नाही तर जपानी पद्धतीचा नेहमीचा सोया त्या जागी चालतो. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर ती खराब होत नाही, पण वास उतरत जातो.

आता रोजच्या उपयोगाचा सॉस, ज्यात कुठलीही भाजी, टोफू, पनीर किंवा नूडल्स परतता येतील. दोन माणसांसाठी लाइट सोया दोन पोह्याचे चमचे, डार्क सोया अर्धा चहाचा चमचा, साखर एक चहाचा चमचा, पांढरी मिरपूड पाव चमचा, भाज्यांचं किंवा मश्रूमचं पाणी अर्धी वाटी आणि कॉर्नफ्लॉवर दीड ते दोन चहाचे चमचे. हे सगळं एका वाटीत गार असतानाच कालवून शेगडीशेजारी ठेवा. ओतण्याआधी पुन्हा ढवळा, कारण कॉर्नफ्लॉवर तळाशी बसतं. उकळी फुटली की मिनिटभरात सॉस चकचकीत होतो. तिथेच थांबा. कॉर्नफ्लॉवर फार वेळ उकळलं किंवा त्यात सुरुवातीलाच व्हिनेगर घातलं तर धरलेला दाटपणा सुटतो आणि सॉस पाणचट होतो. व्हिनेगर किंवा लिंबू गॅस बंद करताना. तिळाचं तेलही शेवटी, एक चमचाभर.

तिळाच्या तेलाबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. आपलं घाण्याचं तेल कच्च्या तिळाचं असतं. चीन, जपान आणि कोरियात शेवटी घालतात ते आधी खमंग भाजलेल्या तिळाचं, गडद रंगाचं आणि तीव्र वासाचं. ती बाटली आणायची नसेल तर दोन चमचे पांढरे तीळ तांबूस भाजा, जाडसर कुटा, चार चमचे घाण्याच्या तेलात मंद आचेवर तीन-चार मिनिटं गरम करून गाळून घ्या. आठवडाभर वापरा.

सॉस चांगला होऊनही हॉटेलसारखं लागत नाही, याचं कारण बहुतेकदा आच असते. घरच्या शेगडीचा मोठा बर्नर साधारण अडीच-तीन किलोवॅटचा असतो. हॉटेलातली चायनीज भट्टी त्याच्या कितीतरी पट आग देते. ही तफावत सॉसनं भरून निघत नाही, प्रमाणानं निघते. एका वेळी दोन माणसांपुरतंच परता, चार जण असतील तर दोनदा करा. लोखंडी कढई हलका धूर येईपर्यंत तापवा, मग तेल, मग आलं-लसूण, आणि लगेच भाजी. (नॉन-स्टिक पॅन इतका तापवू नये, त्यावरचा थर खराब होतो.) भाजी धुऊन कोरडी केलेली हवी. ओली भाजी तापलेल्या कढईत पडली की परतली जात नाही, शिजते. गाजर, फरसबी, फ्लॉवर आधी मिनिटभर उकळत्या पाण्यातून काढून कापडावर पसरा. सॉस भाजीवर न ओतता कढईच्या कडेनं सोडा. लोखंडाला लागून तो चर्रर होतो, जरासा जळतो, आणि हवा असलेला धुरकट वास तिथून येतो.

फ्राइड राइससाठी भात आदल्या दिवशीचा गार असावा, म्हणजे दाणा घट्ट होतो आणि सुटा राहतो. पण रात्रभर पातेल्यात ओट्यावर ठेवलेला भात वापरू नका. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. कोमट भातात ते वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं विष नंतर परतून जात नाही. भात झाला की ताटात पसरून गार करा आणि तासाभरात फ्रिजमध्ये टाका. तांदूळ कोलम उत्तम. बासमतीनं बिघडत नाही, पण तिचा वास सोयाशी भांडतो.

आता तिखटाकडे. तुम्ही शेजवान चटणीची कृती मागितली आहे, पण आधी नेमकं काय हवंय ते ठरवा, कारण सिचुआनचं तिखट आणि मुंबईचं शेजवान या दोन वेगळ्या चवी आहेत. सिचुआनच्या स्वयंपाकात तिखट तेलात मुरलेलं असतं, सोबत ब्रॉड बीनची आंबवलेली डोउबानजियांग असते, आणि जिभेला मुंग्या आणणारी सिचुआन मिरी असते. मुंबईच्या शेजवानमध्ये भरपूर लसूण, सेलरी, व्हिनेगर आणि थोडी साखर. ती आपल्याकडच्या चायनीज हॉटेलांनी घडवलेली चव आहे. मंचुरियनसुद्धा असंच मुंबईत जन्मलं. १९७५ च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात ते पहिल्यांदा झालं, आणि त्याचं श्रेय शेफ नेल्सन वांग यांना दिलं जातं. मला दोन्ही चवी मनापासून आवडतात. एकीला खरी आणि दुसरीला खोटी म्हणणं मला पटत नाही. एकाच कढईत दोन्ही घातल्या तर मात्र दोन्ही वाया जातात.

मुंबईची शेजवान अशी करा. वीस-पंचवीस ब्याडगी आणि सात-आठ गुंटूर मिरच्या देठं आणि निम्म्या बिया काढून गरम पाण्यात अर्धा तास भिजवा. ब्याडगी रंगासाठी, गुंटूर ठसक्यासाठी. भिजवलेलं पाणी बेताचं घालून वाटा. अर्धी वाटी तेलात अर्धी वाटी अगदी बारीक चिरलेला लसूण मंद आचेवर परता. चिरलेलाच हवा, मिक्सरमधला लसूण पाणी सोडतो आणि कडवट होतो. तो पांढऱ्याचा पिवळसर होताच दोन चमचे चिरलेलं आलं आणि दोन चमचे सेलरीचे देठ. मग मिरचीचं वाटण. आता घाई करू नका. दहा-बारा मिनिटं मंद आचेवर ढवळत राहा, कच्चट वास जाऊन कडेनं तेल सुटलं पाहिजे. मीठ, एक चमचा साखर, एक पोह्याचा चमचा लाइट सोया, आणि गॅस बंद करून दोन पोह्याचे चमचे व्हिनेगर. फ्रिजमध्ये कोरड्या बरणीत दहा-बारा दिवस ठेवा. जास्त केली असेल तर छोट्या डब्यांत फ्रीझरमध्ये.

सिचुआनचं तिखट तेल हा मात्र मी सगळ्यांना पहिल्यांदा करायला लावते असा प्रकार. ते एकदा घरात असलं की साध्या उकडलेल्या नूडल्स, काकडी, टोफू, अंडं, काहीही पंधरा मिनिटांत जेवण होतं. पन्नास ग्रॅम सुक्या मिरच्या घ्या, तीन भाग ब्याडगी आणि एक भाग गुंटूर किंवा लवंगी. कढईत चमचाभर तेलात अगदी मंद भाजा, कुरकुरीत झाल्या की गार करून खलबत्त्यात किंवा मिक्सर थांबवत-थांबवत जाडसर कुटा. पीठ करू नका, बारीक तिखट तेलात लगेच जळतं. हे स्टीलच्या खोलगट पातेल्यात घ्या, त्यात एक चमचा तीळ आणि अर्धा चमचा मीठ. दुसरीकडे अडीचशे मिली शेंगदाणा तेलात एक चक्रफूल, बोटभर दालचिनी, एक तमालपत्र आणि चार लवंगा घालून मंद आचेवर दहा मिनिटं ठेवा, मग मसाले काढून टाका. तेल चांगलं तापवून गॅस बंद करा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. चिमूटभर तिखट टाकून पाहा. फेसाळून वर यावं, काळं पडू नये. काळं पडलं तर अजून थांबा.

ओतायचं तीन वेळा. पहिला तिसरा हिस्सा सर्वांत गरम, त्यानं वास उठतो. ढवळा, मिनिटभर थांबा. दुसरा जरा निवलेला, त्यानं रंग उतरतो. शेवटचा अजून निवलेला, त्यात तिखटपणा मुरतो. झाकून रात्रभर ठेवा. सकाळी वर लालभडक तवंग आणि खाली खमंग चोथा, दोन्ही वापरायचं. यात ओलं काहीच नसल्यानं ते गार, अंधाऱ्या जागी महिना-दीड महिना सहज राहतं.

मुंग्या आणणाऱ्या मिरीसाठी तुम्हाला फार लांब जायला नको. कोकणात आणि गोव्यात बांगड्याच्या तिखल्यात पडतं ते तिरफळ सिचुआन मिरीच्याच कुळातलं आहे. दोन्हींची झाडं एकाच प्रजातीसमूहातली, आणि जिभेवरची ती थरथर दोन्हीत सारख्याच प्रकारच्या द्रव्यांमुळे येते. तिरफळाचा वास जरा अधिक रानटी आणि संत्र्याच्या सालीकडे झुकणारा. आतली काळी बी कचकचते, ती काढून टाका, टरफलं मंद भाजून पूड करा आणि वरच्या तेलात पाव चहाच्या चमच्यानं सुरुवात करा. नेपाळी दुकानात टिमूर मिळतं, तेही याच घरातलं, आणि सिचुआन मिरीला वासानं आणखी जवळचं. माझ्या मते मालवणी घरातला माणूस सिचुआनचा मापो टोफू पहिल्या घासाला ओळखतो. टोफू, डोउबानजियांग, हे तेल आणि वरून तिरफळाची पूड. मांसाचा खिमा मूळ पदार्थात असतो, तुम्ही त्याजागी बारीक चिरलेले मश्रूम घाला.

शेंगदाण्याच्या सॉसवर मी फार लिहीत नाही, कारण तो तुम्हाला येतोच आहे. इंडोनेशियात गाडो-गाडो या उकडलेल्या भाज्यांच्या पदार्थावर घालतात त्या सॉसमध्ये शेंगदाणे, सुकी लाल मिरची, लसूण, चिंच आणि ताडगूळ असतो. आपल्या डब्यांत यातलं जवळपास सगळं आहे. एक वाटी दाणे खमंग भाजून सोलून जाडसर कुटा, तीन भिजवलेल्या ब्याडगी आणि तीन लसूण पाकळ्यांचं वाटण चमचाभर तेलात परता, त्यात कूट, पाऊण वाटी पाणी, एक पोह्याचा चमचा चिंचेचा कोळ, दीड चमचा गूळ आणि दोन चमचे लाइट सोया. रटरटून तेल दिसू लागलं की झालं. कोबी, फरसबी, बटाटा, मोड आलेले मूग, सगळं वेगवेगळं उकडून, वर तळलेला टोफू आणि हा गरम सॉस. एकच सांगणं: जिरं घालू नका. हात आपोआप जिऱ्याच्या डब्याकडे जातो, आणि मग ती दाण्याची आमटी होते.

सर्वांत जास्त मेहनत आणि सर्वांत जास्त बक्षीस थाई हिरव्या करीत आहे. बाटलीतली पेस्ट आणि घरची पेस्ट यांत मला सर्वांत मोठा फरक याच पदार्थात दिसतो, कारण गवती चहा, गलांगल हा आल्यासारखा कंद, मकरुत या थाई लिंबाची साल यांचे वास उडून जाणारे आहेत. कुटल्याच्या दिवशी ते असतात, बाटलीत भरून महिन्यांनी ते राहत नाहीत.

चार माणसांसाठी बारा-पंधरा हिरव्या मिरच्या, निम्म्या लवंगी आणि निम्म्या कमी तिखट. गवती चहाचे तीन बुंधे. आपण चहात पातं घालतो, पण इथे जमिनीलगतचा पांढरा, जाड भाग हवा, वरची दोन टरफलं सोलून पातळ चकत्या करा. कुंडीतला गवती चहा असेल तर तो मुळापासून उपटून बुंधा वापरा, बाजारातल्यापेक्षा बारीक असतो म्हणून दुप्पट घ्या. गलांगल इंचभर. आल्यासारखं दिसलं तरी आल्यानं त्याची जागा भरत नाही, त्याला एक देवदारासारखा वास आहे. मोठ्या भाजीवाल्यांकडे परदेशी भाज्यांच्या खणात ते ताजं मिळतं. मकरुत लिंबाची साल किसून एक चमचा, नाहीतर तीन-चार पानं शिरा काढून बारीक चिरून. दोन चमचे कोथिंबिरीची मुळं, जी आपण निवडताना फेकतो, ती घासून धुऊन. सहा-सात लसूण पाकळ्या, पाच सांबार कांदे, एक चमचा धणे आणि अर्धा चमचा जिरं भाजून, पाव चमचा पांढरी मिरी, अर्धा चमचा मीठ.

खलबत्त्यात कुटणार असाल तर क्रम महत्त्वाचा आहे: आधी कोरडे मसाले, ते काढून मिरच्या आणि मीठ, मग गवती चहा आणि गलांगल, ते पूर्ण मऊ झाल्यावर साल आणि मुळं, शेवटी लसूण-कांदा. चिवट आधी, रसाळ नंतर. उलटं केलं तर गवती चहाचे दोरे रसात तरंगत राहतात आणि कुटले जात नाहीत. कामाच्या दिवशी मिक्सर चालेल, फक्त पाण्याऐवजी दोन चमचे तेल किंवा नारळाचं दूध घालून वाटा. पाणी घातलं की पुढे परतताना पेस्ट उकडते.

थायलंडमध्ये या पेस्टमध्ये कापी नावाची आंबवलेली कोळंबीची पेस्ट पडते. आपल्या जवळ्यासारख्याच बारीक कोळंबीपासून ती करतात. तुम्ही दोघं मासे खात असाल तर चमचाभर सुका जवळा भाजून कुटून घाला. त्यात आंबवलेपण नसतं, तरी पुष्कळ जवळ जाता येतं. सासूबाईंसाठी त्याजागी एक चमचा मिसो.

आता नारळ, आणि इथे आपला हात अडतो. सोलकढीपासून आमटीपर्यंत आपण शिकलेलो आहोत की नारळाचं दूध फुटू द्यायचं नाही. थाई करीत ते मुद्दाम फोडायचं असतं. एका नारळाचा चव वाटीभर गरम पाण्यात फिरवून पिळून घट्ट दूध काढा, त्याच चोथ्यात दीड वाटी पाणी घालून पातळ दूध. घट्ट दूध दोन तास फ्रिजमध्ये ठेवलं की वर साय येते. ती साय कढईत घेऊन मध्यम आचेवर आटवत राहा. आधी फेस, मग दाणेदार, मग कडेला स्वच्छ तेल सुटतं. त्या तेलात तीन-चार चमचे पेस्ट टाका आणि चार-पाच मिनिटं परता, इतकी की वास डोळ्यांत जाईल आणि मग गोड होईल. आपलं भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण आधीच शिजलेलं असतं, थाई पेस्ट पूर्ण कच्ची असते. तिला हे परतणं मिळालं नाही तर करी गवतासारखी लागते. बहुतेक घरी बिघडतं ते इथेच, कारण डबाबंद दुधात ते फुटू नये म्हणून स्थिरावणारे पदार्थ घातलेले असतात आणि कितीही आटवलं तरी तेल सुटत नाही. डबाच वापरायचा असेल तर घटकांत नारळ आणि पाणी एवढंच लिहिलेला निवडा, नाहीतर सरळ दोन चमचे खोबरेल तेलात पेस्ट परता आणि दूध नंतर घाला.

मग उरलेलं दूध, भोपळा, छोटी हिरवी वांगी, टोफू. शिजत आलं की मीठ किंवा लाइट सोया आणि चमचाभर गूळ. गोडपणा कळायला नको, तिखटाची धार तेवढी बसली पाहिजे. गॅस बंद करून मूठभर थाई बेसिल. कुंडीत सब्जा लावलेला असेल तर त्याची पानं घाला, थाई बेसिल ही त्याच वनस्पतीची एक जात आहे. राहिलेली पेस्ट बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. दोन-तीन महिने चांगली राहते. मी वर्गात सांगते की पेस्ट रविवारी तिप्पट करा आणि करी बुधवारी.

तेरियाकीत सांगण्यासारखं कमी आहे. जपानी सोया, मिरिन (स्वयंपाकातली गोड तांदळाची दारू), थोडी साके (तांदळाची दारू) आणि साखर, आटवून चमकदार करायचं. मिरिन इथे महाग आहे. सोया चार चमचे, पाणी चार चमचे, साखर अडीच चमचे आणि आल्याचा रस एक चमचा हे निम्मं होईपर्यंत आटवलं तर टोफूवर आणि वांग्याच्या कापांवर छान बसतं. त्याला जपानी पाहुण्यासमोर तेरियाकी म्हणू नये इतकंच.

टिकण्याबद्दल एका बाबतीत मी कडक आहे. कच्चा लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवू नका. तेलाखाली हवा नसते, लसणात ओलावा असतो आणि आम्ल नसतं. बोट्युलिझमचं विष करणाऱ्या जिवाणूला हेच मानवतं, आणि त्याचा वास किंवा रंग काही कळत नाही. लसणाचं तेल केलंच तर फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा. वरच्या तिखट तेलात मी लसूण घातला नाही तो यासाठीच. हवा असेल तर वाढताना वाटीत किसून घाला.

सासूबाईंच्या वाट्याला फिश सॉस आणि ऑयस्टर सॉस येत नाहीत, पण त्यांची उणीव भासू नये अशी सोय आहे. वाळलेले शिताके मश्रूम सहा-सात घ्या, दीड वाटी थंड पाण्यात रात्रभर फ्रिजमध्ये भिजवा. गरम पाण्यात लवकर भिजतात, पण थंड पाण्यात चव जास्त उतरते. सुक्या शिताकेत ग्वानिलेट नावाचा घटक असतो. सोयातल्या ग्लुटामेटसोबत तो आला की दोघांची मिळून चव एकेकट्यापेक्षा कितीतरी भरते. हे पाणी गाळून घ्या, तळाचा गाळ त्यात येऊ देऊ नका. त्यातलं एक वाटी पाणी, तीन चमचे लाइट सोया, अर्धा चमचा डार्क, दीड चमचा साखर असं निम्मं होईपर्यंत आटवा आणि अर्धा चमचा कॉर्नफ्लॉवर पाण्यात कालवून लावा. हा तुमचा शाकाहारी ऑयस्टर सॉस, फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो. पालक, मेथीची कोवळी जुडी किंवा उकडलेली ब्रोकोली यांवर नुसता ओतून वर तळलेला लसूण टाका. भिजलेल्या मश्रूमचे देठ चिवट असतात, ते भाज्यांच्या पाण्यात उकळा. टोप्या चिरून मापो टोफूत घाला.

पहिल्या दोन आठवड्यांत फक्त चांगला सोया, तिखट तेल आणि हा मश्रूमचा सॉस एवढंच करा. एका जेवणात एकाच देशाचं करा, थाई करीसोबत मंचुरियन नको. फ्रिजच्या दारातल्या मिश्रणांच्या बाटल्या संपतील तशा संपू द्या, नव्या आणू नका. हिरव्या करीला गवती चहाचे बुंधे आणि गलांगल एकाच दिवशी ताजे मिळतील तेव्हाच हात घाला.